उभ्या पिकावर नांगर

सरकारने शेतकऱ्याला रोख पैसा द्यावा की देऊ नये, हा वाद आपल्याकडे आता जुना झाला असून त्याच्या दोन्ही बाजू वाचकांना तोंडपाठ असतील. द्यावा असे म्हणणारे सांगतात की, ज्याच्या श्रमावर सर्वांचे पोट चालते त्याला पडत्या काळात हात देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. देऊ नये असे म्हणणारे सांगतात की, अशा देणगीने शेती सुधारत नाही, मिंधेपणा मात्र वाढतो. या वादात आम्हांला आज पडावयाचे नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पैसा द्यावयाचा असे एकदा ठरले, म्हणजे तो ज्याच्या हातात पडावयाचा तो 'शेतकरी' कोण? जमीन ज्याच्या नावावर आहे तो, की ती जो कसतो तो? बोलण्याच्या ओघात आपण या दोघांना एकाच शब्दाने ओळखतो. आणि मालक व कसणारा हे जोपर्यंत एकाच घरात नांदत असतात, तोपर्यंत त्यात काही बिघडतही नाही. ते दोघे निराळे असले, म्हणजे मात्र त्या एका शब्दाच्या आडोशाने केवढा अनर्थ घडू शकतो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. त्याचा वृत्तान्त येथे थोडक्यात द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरास आर्कान्सॉ नावाचे राज्य आहे. त्याच्या ईशान्य भागात पॉइन्सेट नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्यासारखा मुलूख आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या मुलखाचा पुष्कळसा भाग दलदलीचा व दाट अरण्याचा होता. लाकडाचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी अरण्य तोडले, चर खणून साचलेले पाणी काढून दिले, आणि खालची गाळाची सुपीक जमीन उघडी पडताच तेथे कापसाचे विस्तीर्ण मळे उभे राहिले. मळ्यांचे मालक मोजके होते. कसणारे मात्र हजारो होते. त्यांत पूर्वीच्या गुलामांचे वंशज असलेले कृष्णवर्णीय होते, तसेच कर्जापायी स्वतःची जमीन गमावलेले गोरेही होते.

हे लोक ज्या पद्धतीने जमीन करीत ती आपल्याला नवखी वाटू नये. आपल्याकडील अर्धेलीचीच ती बहीण म्हणता येईल. मालकाने जमीन, राहावयास खोपट, खेचरे, अवजारे व बी द्यावे. वाटेकऱ्याने बायकामुलांसह वर्षभर राबावे. आणि पिकाचे दोन सारखे वाटे व्हावेत, असा तो करार. परंतु पीक हाती येईपर्यंत खावयाचे काय? त्यासाठी मळ्यावर मालकाचेच दुकान असे. तेथून पीठ, डुकराचे मांस व काकवी उधार मिळे. दुकानातील भाव मालक ठरवी, व्याज मालक ठरवी, आणि वर्षअखेरीचा हिशेबही मालकाच्याच वहीत असे. हिशेब मागणे हे धाडसाचे काम होते. १९१९ साली याच राज्याच्या फिलिप्स काउंटीत ईलेन या गावाजवळ कृष्णवर्णीय वाटेकरी कापसाचा रास्त हिशेब मिळावा म्हणून एकत्र जमू लागले, तेव्हा जो रक्तपात झाला त्यात पुष्कळांचे प्राण गेले. त्या प्रसंगाची आठवण पुढे दीर्घकाळ लोकांच्या मनात राहिली होती.

१९२९ साली जगावर मंदीचे अरिष्ट आले. त्या वर्षी कापसाला दर रत्तलास, म्हणजे पौंडास, सुमारे १७ सेंट भाव होता. तो १९३१ साली सहा सेंटांच्याही खाली उतरला. एवढ्या भावात वेचणीची मजुरीही सुटेना. शिवाय मागील वर्षांचा न खपलेला साठा सुमारे १ कोटी ३० लाख गाठींचा होता. मालक कर्जात बुडाले, आणि वाटेकरी तर आधीच तळाशी होता. १९३३ च्या मार्चमध्ये फ्रँक्लिन रूझव्हेल्ट अध्यक्ष झाले व १२ मे रोजी त्यांनी शेतीच्या उत्पन्नाला आळा घालणाऱ्या प्रसिद्ध कायद्यावर सही केली. कायद्याचे तत्त्व सरळ होते. माल फार झाल्यामुळे भाव पडतो. तेव्हा माल कमी पिकवावा. जो आपली काही जमीन पडीक ठेवील त्याला सरकारने मोबदला द्यावा. आणि या मोबदल्याचा पैसा कापूस, गहू वगैरे मालावर पहिली प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांकडून कररूपाने वसूल करावा.

परंतु सही होईपर्यंत कापूस पेरून झाला होता. सुमारे चार कोटी एकरांत रोपे डुलू लागली होती. मग सरकारने असे ठरविले की, उभे पीकच मोडावे. त्या उन्हाळ्यात मालकांशी सुमारे दहा लाख करार झाले आणि एक कोटीहून अधिक एकरांवरील उभ्या कापसावर नांगर फिरला. या कामी दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाटण्यात आली. कापसाच्या दोन ओळींमधून चालण्याची सवय जडलेली खेचरे रोपांवर पाय टाकावयास तयार होत नसत, अशी हकीकत त्या प्रांतात पुढे पुष्कळ दिवस सांगितली जाई. तिच्यात अतिशयोक्ती असेल. परंतु देशात लाखो लोक अपुऱ्या वस्त्रांनिशी हिंडत असताना उभा कापूस मातीत गाडणे माणसांच्याही मनाला किती जड गेले असेल, हे तिच्यावरून कळते.

या उपायाने काहीच साधले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. भाव दहा सेंटांच्या आसपास आला. डॉलरची किंमत उतरविल्याचा व सरकारने दहा सेंटांच्या हिशेबाने मालावर कर्ज देण्याचे ठरविल्याचा परिणामही त्यात होता. तथापि बुडत्या मालकाला कायद्याने तारले, ही गोष्ट निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो मालकाच्या पलीकडच्या माणसाचा.

मोडलेल्या पिकाचा मोबदला वाटेकऱ्यालाही मिळावयाचा होता. कारण त्या पिकात त्याचा अर्धा वाटा होता. परंतु सरकारी हुंडी मालकाच्या नावे येई. तिच्यातील वाटेकऱ्याचा हिस्सा पुष्कळ ठिकाणी मागील बाकीपोटी वहीत जमा झाला, आणि वाटेकऱ्याला पैशाचे दर्शनही घडले नाही. यापुढची पायरी १९३४ व १९३५ या दोन वर्षांसाठी केलेल्या कराराची. १९३४ साली कापसाची सुमारे चाळीस टक्के जमीन पडीक ठेवावयाची होती, आणि मोबदला दोन प्रकारे द्यावयाचा होता. पडीक जमिनीचे भाडे म्हणून, तेथे जेवढा कापूस एरवी पिकला असता त्यावर रत्तलास साडेतीन सेंट. आणि भावातील तुटीची भरपाई म्हणून आणखी एक सेंट. भाडे सर्व मालकाचे. भरपाईत मात्र वाटेकऱ्याचा अर्धा हिस्सा. हिशेब करून पाहावा. साडेचार सेंटांपैकी चार मालकाला व अर्धा वाटेकऱ्याला. पिकविलेल्या कापसाचे दोन सारखे वाटे होत असत. न पिकविलेल्या कापसाचे नऊ वाटे झाले आणि त्यांतले आठ मालकाकडे गेले.

असे का झाले, याचे उत्तर करार कोणी लिहिला यात बरेचसे सापडते. कापूसविभागाचे प्रमुख कली कॉब हे दक्षिणेतील मळेवाल्यांच्या विश्वासातले गृहस्थ होते. खात्याच्या आर्थिक बाजूची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते ऑस्कर जॉन्स्टन मिसिसिपी राज्यातील डेल्टा अँड पाइन लँड कंपनीच्या अवाढव्य मळ्याचे व्यवस्थापक होते. या मळ्याची मालकी इंग्लंडातील सूतगिरणीवाल्यांची होती, आणि त्याला सरकारकडून लाखाहून अधिक डॉलर मिळाले, ही गोष्ट पुढे अमेरिकन सेनेटमध्ये गाजली. हे लोक लुच्चे होते असे समजण्याचे कारण नाही. मालकांनी सह्या केल्यावाचून योजना चालणार नाही, आणि मालकाला मोह पडेल असे काही दिल्यावाचून तो सही करणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. व्यवहाराच्या दृष्टीने तो खोटाही नव्हता. परंतु ज्या खोलीत बसून हे वाटे ठरले तेथे वाटेकऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता, आणि त्याचा परिणाम कागदावर उमटला.

याहून मोठे संकट निराळेच होते. शंभर एकरांपैकी चाळीस एकर पडीक राहावयाचे, तर त्या चाळीस एकरांवरची कुटुंबे मालकाला कशाला हवीत? आणि वाटेकरी काढून टाकून तीच जमीन रोजंदारीने करून घेतली, तर भरपाईचा अर्धा सेंटही द्यावयास नको. ही अडचण करार लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. कराराच्या सातव्या कलमात त्यांनी लिहून ठेवले होते की, मालकाने शक्य तोवर वाटेकऱ्यांची नेहमीची संख्या कायम ठेवावी; त्यांना दोन्ही वर्षे भाड्यावाचून घरात राहू द्यावे; जळणासाठी लाकूड व घरच्या भाजीपाल्यासाठी थोडी जमीन वापरू द्यावी. कलम वाचावयास चांगले आहे. परंतु त्यात 'शक्य तोवर' हे शब्द होते, आणि उपद्रवी ठरलेल्या वाटेकऱ्याला ते संरक्षण नव्हते. काय शक्य आहे व कोण उपद्रवी आहे, हे ठरविणार कोण? वाटेकऱ्याची तक्रार आली असता ती जावयाची स्थानिक समितीकडे. आणि समितीवर बहुधा त्याच काउंटीतील जमीनदार असावयाचे.

पॉइन्सेट काउंटीत टायरान्झा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एच. एल. मिचेल हा कपडे धुऊन देण्याचे दुकान चालवी आणि त्याचा मित्र क्ले ईस्ट पेट्रोल विके. दोघेही समाजवादी मताचे होते. जवळच्या एका मोठ्या मळ्यावरून काही कुटुंबांना घालवून देण्यात आले, तेव्हा १९३४ च्या जुलैत एका शाळेच्या खोलीत अकरा गोरे व सात कृष्णवर्णीय पुरुष जमले आणि त्यांनी 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' ही संघटना स्थापन केली. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्यांनी व कृष्णवर्णीयांनी एका खोलीत एकाच बाकावर बसणे हीच एक क्रान्ती होती. संघ एक असावा की दोन, असा प्रश्न निघाला असता, मालक दोघांनाही सारखेच लुटतो, मग संघ दोन कशाला, असा निर्णय त्यांनी केला. पुढल्या वर्षी संघाने कापूसवेचणीचा संप करून मजुरी काही अंशी वाढवूनही घेतली. मारहाण, तुरुंग, घरांवर रात्री गोळीबार, हे सर्व त्यांच्या वाट्याला आले. १९३५ च्या मार्चमध्ये बर्डसाँग या खेड्यात समाजवादी पुढारी नॉर्मन टॉमस यांनाही जमावाने भाषण करू न देता हुसकून लावले.

संघाने न्यायालयाचा दरवाजाही ठोठावला. सातव्या कलमाचा भंग होत आहे, असे त्याचे म्हणणे. परंतु आर्कान्सॉच्या न्यायालयांत त्याचा टिकाव लागला नाही. कारण करार झाला होता तो सरकार व मालक यांच्यात, आणि वाटेकरी हा त्यातील पक्षच नव्हता. ज्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न त्या कागदात होता त्याची सही त्या कागदावर नव्हती. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच तो अधिक विचार करावयास लावतो.

खुद्द वॉशिंग्टनमध्येही या प्रश्नावर दोन तट पडले होते. शेतीखात्यातील जेरोम फ्रँक यांच्या हाताखालील तरुण वकिलांना ही गोष्ट सलत होती. मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना चौकशीसाठी आर्कान्सॉत पाठविण्यात आले. त्यांचा अहवाल खात्याने प्रसिद्धच केला नाही. १९३५ च्या फेब्रुवारीत या वकिलांनी सातव्या कलमाचा असा अर्थ लावला की, केवळ डोकी मोजून भागणार नाही, जी कुटुंबे होती तीच ठेवली पाहिजेत. त्याबरोबर योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनी तो अर्थ रद्द केला आणि फ्रँक यांच्यासह अनेकांना नोकरीतून दूर केले. शेतीमंत्री हेन्री वॉलेस यांनी डेव्हिस यांची बाजू घेतली. कायदेमंडळात दक्षिणेकडील सभासदांचे बळ मोठे होते. त्यांना दुखविले तर सर्वच योजना कोसळेल, अशी त्यांना भीती होती. सज्जन माणूस अशा पेचात सापडला म्हणजे बहुधा काय करतो, याचा हा एक नमुना आहे.

१९३६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही योजना घटनाबाह्य ठरविली. तेव्हा सरकारने जमिनीचा कस राखण्याच्या निमित्ताने तीच देणगी निराळ्या मार्गाने चालू केली, आणि १९३८ साली नवा कायदा केला. या नव्या कायद्यात जुनी चूक सुधारलेली दिसते: पिकात ज्याचा जेवढा वाटा तेवढाच त्याचा सरकारी पैशात वाटा, असा नियम झाला. आता वाटेकऱ्याचे दिवस पालटावयास हवे होते. झाले ते उलट. वाटेकरी ठेवला तर पैसा वाटावा लागतो. मजूर ठेवला तर सर्व आपला. तेव्हा पुष्कळ मालकांनी वाटेकऱ्यांना मजूर तरी केले, नाही तर रस्ता दाखविला. १९३९ च्या जानेवारीत, ऐन हिमात, आर्कान्सॉला लागून असलेल्या मिसूरी राज्याच्या आग्नेय टोकाशी हजाराहून अधिक माणसे आपल्या गाद्या, चुली व कोंबड्या घेऊन हमरस्त्याच्या कडेला येऊन बसली. त्यांचा पुढारी ओवेन व्हिटफील्ड हा धर्मोपदेशक व त्याच संघाचा उपाध्यक्ष होता. आम्हांला घालवून दिले ते सरकारी पैशाचा वाटा आम्हांला द्यावा लागू नये म्हणून, असे ते लोक जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते.

सरकारी पैशाने मालकाच्या हाती भांडवल आले होते; त्यातून ट्रॅक्टर आले. १९३६ साली रस्ट बंधूंनी कापूस वेचण्याच्या आपल्या यंत्राचा जाहीर प्रयोग करून दाखविला. आपल्या शोधाने वाटेकरी देशोधडीला लागेल ही चिंता त्या शोधकांनाच लागून राहिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर असली यंत्रे सर्रास झाली. शिरगणतीचे आकडे पाहिले असता असे दिसते की, दक्षिणेकडील राज्यांत १९३० साली सुमारे पावणेआठ लाख अर्धेली वाटेकरी होते. १९४० साली ते साडेपाच लाखांच्या आत आले. पुढील वीस वर्षांत तो वर्गच जवळजवळ नाहीसा झाला. शिकागो व डेट्रॉइटच्या कारखान्यांत त्यांतील कित्येकांना पूर्वीपेक्षा चांगले दिवस आले, हेही सांगितले पाहिजे. अर्धेलीची ती पद्धत टिकावयास हवी होती असे कोणी म्हणणार नाही. तसेच या स्थित्यंतराचा सर्व दोष सरकारी पैशाच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. मंदी होती, यंत्रे येऊ घातली होती, शहरांची ओढ होती. परंतु जी घटना कदाचित सावकाश घडली असती ती सरकारी पैशाने घाईने घडविली, आणि ती जेव्हा घडली तेव्हा त्या माणसांना शहरात काम नव्हते व रानात घर उरले नव्हते.

या इतिहासात क्रूर हेतूचा माणूस शोधू गेल्यास तो क्वचितच सापडतो. कायदा दयाबुद्धीने केलेला होता. कलमे सद्धेतूने लिहिलेली होती. दोष होता तो पाटाच्या बांधणीत. पैशाचा पाट जमिनीच्या मालकीवरून काढला, म्हणजे तो मालकाच्या विहिरीतच जाऊन पडावयाचा. वाटेत 'थोडे पाणी शेजाऱ्याला द्यावे' अशी पाटी लावून काही होत नाही. शेजाऱ्याचे नाव सरकारच्या वहीत, त्याची सही करारावर आणि त्याचा माणूस समितीत, या तीन गोष्टी असल्या तरच पाटीला अर्थ येतो. १९३३ साली यांतील एकही नव्हती. १९३८ साली पहिली थोडीबहुत आली. परंतु वाटेकऱ्याला ठेवणे-काढणे मालकाच्याच मर्जीवर राहिल्यामुळे तीही निष्फळ झाली.

आता आपल्या घराकडे वळू. ओढूनताणून साम्य दाखविण्याची आम्हांला हौस नाही. आपल्याकडे कोणाला पीक मोडावयास सांगितलेले नाही, आणि मळेवाल्यांचे ते साम्राज्यही आपल्याकडे नाही. परंतु पाटाची बांधणी पाहावी. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत वर्षाला ६,००० रुपये मिळावयाचे ते जमीनधारक कुटुंबाला. २०१८ साली तेलंगणाने एकरी ४,००० रुपये दर हंगामाला देण्याचे ठरविले, तेही पट्टा ज्याच्या नावे त्याला. त्याच वर्षाच्या अखेरीस ओडिशाने जाहीर केलेल्या योजनेत वाटेकरी व भूमिहीन यांचा समावेश केला, हा त्यातल्या त्यात निराळा प्रयोग. महाराष्ट्रात बटईने जमीन करणारा माणूस सातबाऱ्यावर सहसा नसतो. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने व पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमीन दिली, ही मोठी गोष्ट होती. परंतु तेव्हापासून मालकाच्या मनात भीती बसली की, कसणाऱ्याचे नाव एकदा कागदावर चढले म्हणजे जमीन गेली. म्हणून बटईचा व्यवहार तोंडीच राहतो. मग गारपीट झाली, अतिवृष्टी झाली, तर बी-खताचा खर्च बुडतो तो बटईदाराचा आणि नुकसानभरपाई जमा होते ती बहुधा सातबारावाल्याच्या खात्यावर.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची गावाकडे वडिलार्जित जमीन असेल, आणि आपण शहरात नोकरीधंद्यात असल्यामुळे ती दुसरे कोणी वाट्याने करीत असेल. अशा वाचकांना टायरान्झाच्या मळेवाल्याचा राग येणे सोपे आहे. त्याच्या वहीकडे पाहून आपली वही उघडणे तितकेसे सोपे नाही. कसणाऱ्याची नोंद अशी व्हावी की त्यामुळे मालकाची मालकी धोक्यात येणार नाही व कसणाऱ्याचा हक्कही बुडणार नाही, असा कायदा करणे हे सरकारचे काम आहे, आणि त्यासाठी सुशिक्षितांनी आग्रह धरला पाहिजे. तो होईपर्यंत ज्याच्या शेतात दुसरा राबतो त्याच्या हाती एक गोष्ट आहेच. बटईचा करार साध्या कागदावर का होईना, लिहून ठेवावा. आणि पीक बुडाल्याची भरपाई आपल्या खात्यावर आली असता, ज्याचे पीक बुडाले त्याचा वाटा मागील बाकीपोटी वळता करून न घेता त्याच्या हातात मोजून द्यावा.